एकच आडनाव, दोन खाती: स्क्रिप्टमध्ये देवनागरी मजकूर कसा हाताळावा

परभणीच्या मोंढ्यातील एका आडत दुकानाची सोयाबीनच्या हंगामातली आवक शेतकरीनिहाय एकत्र करून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते अर्ध्या तासात उरकेल असे मला वाटले होते. नोंदी तीन ठिकाणांहून आलेल्या होत्या: दिवाणजी संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहीत, त्यांचा मुलगा काट्यावरून मोबाइलने नोंदी पाठवी, आणि मागील वर्षाची यादी कोणीतरी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतलेली होती. पायथॉनमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट विनातक्रार चालली, एकूण क्विंटलांची बेरीज वहीशी तंतोतंत जुळली, आणि तरीही कुऱ्हाडे आडनावाच्या एका शेतकऱ्याची हिशेबाची पट्टी निम्म्याच मालाची निघाली. उरलेला माल त्याच नावाच्या, त्याच गावच्या दुसऱ्या खात्यावर जमा झालेला होता. कागदावर दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहिली तरी त्यांत काडीचा फरक दिसत नव्हता. यंत्राला लांबी विचारली तेव्हा एका आडनावाची ८ निघाली आणि दुसऱ्याची ९.

ही नववी वस्तू कशी शोधावी आणि तिला हात लावताना कोणता क्रम पाळावा, हे पुढे सांगितले आहे. उदाहरणे पायथॉन ३ मधील आहेत. अन्य भाषांची वागणूक जेथे महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे, तेथे तसे नमूद केले आहे.

आधी पाहावे, मग पुसावे

आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या प्रमाणात, बहुधा एक नसते. देवनागरीला षोडशमान आकड्यांत ०९०० ते ०९७एफ असा १२८ जागांचा विभाग दिलेला असून त्यात प्रत्येक व्यंजन, प्रत्येक स्वरचिन्ह, अनुस्वार, विसर्ग आणि पायमोडीचे चिन्ह यांना आपापला स्वतंत्र संकेतांक आहे. जोडाक्षरांना मात्र असा संकेतांक नाही. ‘क्ष’ म्हणजे क, पायमोड आणि ष अशी तीन चिन्हे एकामागे एक ठेवलेली असतात. ‘पूर्णा’ हे तालुक्याचे नाव वाचणारा दोन अक्षरे मोजतो, पायथॉनचे ‘लेन’ हे फंक्शन ६ चिन्हे मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, म्हणजे एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असल्यामुळे फाइलमध्ये तेच नाव १८ बाइट व्यापते. या नावाची पहिली तीन चिन्हे कापून घेतली तर ‘पूर’ उरतो, आणि स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची ही माळ, उलटी केली तर तिची सुरुवातच कोणत्याही व्यंजनाचा आधार नसलेल्या कान्याने होते. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘लांबी’ हा शब्द येताक्षणी या तिहींपैकी कोणती लांबी अभिप्रेत आहे, हे आधी ठरवावे.

दोन स्ट्रिंगा दिसायला सारख्या पण तुलनेत वेगळ्या निघाल्या की अंदाजाने काहीतरी पुसून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि एक छोटे फंक्शन लिहून ठेवावे, ज्याला कोणतीही स्ट्रिंग दिली की ते तिच्यातील प्रत्येक चिन्ह वेगळ्या ओळीवर, त्याच्या षोडशमान संकेतांकासह आणि युनिकोडमधील नावासह छापेल. ‘ओआरडी’ने संकेतांक मिळतो, ‘हेक्स’ने तो षोडशमानात येतो आणि पायथॉनसोबतच येणाऱ्या ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमधील ‘नेम’ या फंक्शनाने नाव मिळते. सगळे मिळून चार ओळींचे काम आहे. माझ्याकडे या फंक्शनाचे नाव ‘उघड’ असे आहे, कारण पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावे चालतात. ‘उघड’ने दोन्ही कुऱ्हाडे उघडे पाडले: एकात ०९३१ हा ऱ आणि त्यामागे पायमोड होती, तर दुसऱ्यात ०९३० हा साधा र, पायमोड आणि त्यापुढे २००डी, म्हणजेच शून्य रुंदीचे जोडचिन्ह होते. प्रोग्रामर ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात ते हेच.

जोडचिन्ह हा कचरा नव्हे

कुऱ्हाडे, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना अशा शब्दांत जो आडव्या रेघेसारखा र येतो, तो रफाराप्रमाणे पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढत नाही. हिंदीला त्याची गरज पडत नाही, आणि म्हणूनच हिंदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या सफाईच्या युक्त्या मराठीत घातक ठरतात. हा र तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ऱ आणि पायमोड, साधा र, नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि पायमोड, किंवा साधा र, पायमोड आणि जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाची लांबी पहिल्या प्रकारात ११ भरते, उरलेल्या दोन्हींत १२.

न दिसणारी चिन्हे सरसकट काढून टाका, असा सल्ला जागोजागी आढळतो. तो पाळला की तिसऱ्या प्रकारातील जोडचिन्ह जाते आणि मागे र, पायमोड व य उरतात, म्हणजे रफार. परिणामी बालाघाटाच्या ‘दऱ्या’ होत्या त्या ‘दर्या’ होतात आणि किनारा नसलेल्या मराठवाड्यात समुद्र अवतरतो. लग्नाच्या हिशेबात ‘आचाऱ्यांना’ दिलेली रक्कम ‘आचार्यांना’ दिल्याचे दिसते. संकेतस्थळांवर ‘शेतकर्यांना’ असे जे विचित्र रूप वारंवार दिसते, त्यामागे अनेकदा अशीच एखादी सफाई असते.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम ‘र, पायमोड, जोडचिन्ह’ हा तिहेरी समूह जेथे जेथे असेल तेथे ‘ऱ, पायमोड’ हा दुहेरी समूह घालावा. साध्या ‘रिप्लेस’ने हे होते, रेग्युलर एक्स्प्रेशनची (नमुना सांगून मजकूर शोधण्याच्या सोयीची) गरज नाही. त्यानंतर जी जोडचिन्हे उरतील, तसेच २००सी हे जे तोडचिन्ह आढळेल, ती केवळ जोडाक्षराचे दृश्यरूप निवडण्यासाठी घातलेली असतात, अर्थ बदलण्यासाठी नव्हे, म्हणून तुलनेपुरती काढण्यास हरकत नाही. मात्र तीही देवनागरी चिन्हाला लागून असतील तरच काढावीत. मोबाइलवरून आलेल्या नोंदींत इमोजी असतात, आणि शेतकरी स्त्रीचे इमोजी म्हणजे स्त्रीचे चित्र व धान्याच्या पेंढीचे चित्र यांना बांधणारे हेच २००डी असते. ते काढले की एका शेतकरणीच्या जागी एक बाई आणि एक पेंढी अशी दोन चित्रे उभी राहतात.

वर ‘तुलनेपुरती’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मूळ नावाच्या स्तंभाला स्क्रिप्टने कधीही हात लावू नये. त्याच्या शेजारी ‘जुळवणी’ असा दुसरा स्तंभ तयार करावा, सर्व सफाई त्या स्तंभात करावी, गट त्यावरून पाडावेत आणि पट्टीवर छापताना मूळ नावच छापावे. असे केल्याने सफाईच्या नियमात चूक निघाली तरी नियम दुरुस्त करून स्क्रिप्ट पुन्हा चालवता येते. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी मूळ स्तंभावरच लिहिले होते आणि मग दिवाणजींकडून फाइल पुन्हा मागून घ्यावी लागली. ती मागताना काय वाटले ते येथे लिहीत नाही.

एनएफसी काय करते आणि काय करत नाही

एकच चिन्ह अनेक प्रकारे लिहिता येते ही अडचण युनिकोडला ठाऊक आहे आणि तिच्यासाठी प्रमाणीकरणाची चार रूपे ठरवलेली आहेत. ‘युनिकोडडेटा’मधील ‘नॉर्मलाइझ’ या फंक्शनाला ‘एनएफसी’ हे रूप सांगून स्ट्रिंग दिली की र आणि नुक्ता यांचा एक ऱ होतो, म्हणजे वरील दुसरा प्रकार पहिल्यात मिसळतो. तिसरा प्रकार मिसळत नाही, कारण जोडचिन्ह असलेली आणि नसलेली स्ट्रिंग युनिकोडच्या लेखी समतुल्य नाहीत. पुष्कळ जण एनएफसी चालवून निश्चिंत होतात. मराठीपुरते बोलायचे तर ते पहिले पाऊल आहे, एवढेच.

एनएफसी म्हणजे जोडलेले रूप, ही समजूतही पूर्ण खरी नाही. ०९५८ ते ०९५एफ या क़, ज़, ड़, फ़ अशा आठ नुक्तायुक्त अक्षरांना एनएफसी उलट फोडते आणि मूळ व्यंजन व नुक्ता असे दोन तुकडे करते. मराठीत नुक्ता सहसा लिहिला जात नाही, परंतु १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या भागातील याद्यांमध्ये उर्दू नावे भरपूर असतात, आणि एकाच माणसाची नोंद कोणी ‘फारूक’ करतो, कोणी ‘फ़ारूक़’ करतो. जुळवणीच्या स्तंभातून नुक्ता काढून टाकणे हा यावरचा सोपा उपाय आहे, पण त्याआधी एनएफसी झालेले असलेच पाहिजे. अन्यथा र आणि नुक्ता अशा स्वरूपात असलेल्या ऱ चा नुक्ताही जाईल आणि पुन्हा दऱ्यांचा दर्या होईल.

यानंतर येतात ती दिसायला सारखी, पण युनिकोडच्या दृष्टीने परस्परांशी संबंध नसलेली रूपे. ‘ॲ’ला ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक युनिकोड ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली मिळाला. तोपर्यंत अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि जुन्या मजकुरात व जुन्या सवयीत ती आजही आहेत. वकिलांच्या नावांमागील ‘ॲड.’ एकाच यादीत एका चिन्हाचा, दोन चिन्हांचा आणि क्वचित ‘ऍ’ वापरून लिहिलेला, असा तिन्ही प्रकारे सापडतो. एनएफसी यांपैकी कशालाही स्पर्श करत नाही. याच जातीची आणखी जोडरूपे म्हणजे अ आणि काना मिळून केलेला ‘आ’, अ आणि ओकार मिळून केलेला ‘ओ’, ए आणि मात्रा मिळून केलेला ‘ऐ’, आणि आ व चंद्र मिळून केलेला ‘ऑ’. यांच्यासाठी हाताने एक छोटा कोश करावा आणि क्रमाने बदल करावेत. अ आणि काना यांचा ‘आ’ आधी करून घेतला, तरच पुढे आ आणि चंद्र यांचा ‘ऑ’ सापडतो, हे विसरू नये.

जुन्या फॉन्टमधून रूपांतरित झालेल्या यादीत वेगळेच दोष असतात. त्या फॉन्टांत टंकलेखनाचा क्रम डोळ्यांच्या क्रमाने चाले, त्यामुळे ‘नांदेड’मध्ये न, काना, अनुस्वार असे असायला हवे तेथे न, अनुस्वार, काना असे सापडते. प्रमाणीकरण हा क्रम सुधारत नाही, कारण अनुस्वार आणि काना या दोघांचाही संयोगवर्ग (चिन्हांचा आपसातला क्रम ठरवण्यासाठी युनिकोडने दिलेला आकडा) शून्य आहे आणि प्रमाणीकरण शून्य वर्गातील चिन्हांची अदलाबदल करत नाही. अनुस्वारानंतर लगेच स्वरचिन्ह आले तर दोघांची जागा बदलावी, हा नियम निर्धास्तपणे लावता येतो. एकावर एक पडलेले दोन अनुस्वार किंवा दोन वेलांट्याही कधीकधी आढळतात, त्यांतील एकच ठेवावी. परंतु शब्दाच्या आरंभीच ऱ्हस्व वेलांटी आली असेल तर ती कोणत्या व्यंजनाची, हे स्क्रिप्टने ठरवू नये. अशा ओळी वेगळ्या काढून माणसाला दाखवाव्यात. आणि एखादा मजकूर विशिष्ट फॉन्ट निवडल्यावरच मराठी दिसत असेल, तर तो युनिकोड नाहीच; त्याला यांपैकी कोणताही उपाय लागू पडत नाही, आधी रूपांतर करून घ्यावे लागते.

प्रचलित युक्त्या आणि त्यांचे मराठीत होणारे परिणाम

स्वरांवरील टिंबे-रेघा काढून मजकूर ‘साधा’ करण्याची एक युक्ती फार लोकप्रिय आहे: स्ट्रिंग विघटित रूपात न्यावी आणि ‘एमएन’ या वर्गातील, म्हणजे अक्षराला चिकटून स्वतःची जागा न घेणारी, सर्व चिन्हे गाळावीत. फ्रेंच किंवा स्पॅनिशसाठी ती ठीक आहे. देवनागरीत मात्र उकार, मात्रा, अनुस्वार आणि पायमोड ही चिन्हे ‘एमएन’ वर्गात आहेत, तर काना, दोन्ही वेलांट्या, ओकार आणि विसर्ग ‘एमसी’ या दुसऱ्या वर्गात आहेत. मराठवाड्याचे आठही जिल्हे या चाळणीतून घातले तर जालना, बीड, परभणी आणि धाराशिव सहीसलामत बाहेर येतात. लातूरचे ‘लातर’, नांदेडचे ‘नादड’, हिंगोलीचे ‘हिगोली’ आणि छत्रपती संभाजीनगरचे ‘छतरपती सभाजीनगर’ होते. निम्मी नावे शाबूत राहतात हीच यातील मेख आहे, कारण परभणीत बसून परभणी या नावावर चाचणी घेणाऱ्याला सगळे काही ठीक चालले आहे असेच वाटते. वेबपत्ते तयार करणाऱ्या कित्येक तयार फंक्शनांच्या पोटात हीच युक्ती असते, म्हणून ती वापरण्यापूर्वी ‘लातूर’ देऊन पाहावे.

दुसरा फटका रेग्युलर एक्स्प्रेशनचा. शब्द शोधण्यासाठी बॅकस्लॅश आणि डब्ल्यू ही खूण सर्रास वापरली जाते. पायथॉनचे अंगभूत ‘आरई’ हे मॉड्यूल तिच्यात अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच धरते, स्वरचिन्हे धरत नाही. त्यामुळे ‘परभणी’तून ‘परभण’ हाती लागते आणि ‘हिंगोली’चे ह, ग, ल असे तीन सुटे तुकडे होतात. शब्दसीमा दाखवणारी बॅकस्लॅश आणि बी ही खूणही याच व्याख्येवर उभी असल्याने तीही चुकते. जावास्क्रिप्टमध्ये तर ही डब्ल्यूची खूण इंग्रजी वर्णमालेपलीकडे जातच नाही. तेथे ‘यू’ हा फ्लॅग लावून अक्षर आणि संयोगचिन्ह हे दोन्ही युनिकोड गुणधर्म एकत्र मागावे लागतात. पायथॉनमध्ये ‘रेजेक्स’ हे वेगळे मॉड्यूल घ्यावे, किंवा सरळ ०९०० ते ०९७एफ हा पल्ला आणि त्यासोबत २००सी व २००डी असा गट स्वतः लिहावा. या पल्ल्यात ०९६४ आणि ०९६५ हे दंड तसेच देवनागरी अंकही येतात, ते नको असतील तर वगळावेत.

‘इझअल्फा’ या फंक्शनाबद्दल एक वाक्य पुरे: त्याच्या लेखी काना-मात्रा असलेले नाव अक्षरांचे नसतेच, त्यामुळे त्यावर विसंबलेल्या अर्जात कमल आणि पवन यांना प्रवेश मिळतो आणि बाकीचा गाव दाराबाहेर राहतो.

तिसरी युक्ती ‘एनएफकेसी’ची, आणि मोंढ्याच्या हिशेबात ती सर्वांत महाग पडू शकते. हे रूप एनएफसीपेक्षा अधिक आक्रमक आहे. ते ½ हे एकच चिन्ह फोडून एक, अपूर्णांकाची तिरपी रेघ आणि दोन अशी तीन चिन्हे करते. मोबाइलवरून ‘५½’ क्विंटल अशी आलेली नोंद या रूपातून गेली की पाचाला लागूनच एक येतो, आणि पुढच्या पायरीत अंकांखेरीज सर्व काही गाळले असेल तर साडेपाच क्विंटलांचे ५१२ क्विंटल होतात. एनएफकेसी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करते, असाही एक गैरसमज आहे. ते तसे करत नाही.

अंक, विसर्ग आणि मोकळ्या जागा

पायथॉनचे ‘इंट’ आणि ‘फ्लोट’ देवनागरी अंक थेट स्वीकारतात, ‘४५’ दिले तरी बेरीज होते. ही सोय आहे आणि सापळाही, कारण तीच स्ट्रिंग पुढे जावास्क्रिप्टच्या पानाला किंवा शेलमधील (आज्ञा टंकण्याच्या खिडकीतील) गणिताला दिली की तेथे ती संख्या मानली जात नाही. म्हणून आत येतानाच ‘मेकट्रान्स’ने दहा अंकांचा तक्ता करून ‘ट्रान्सलेट’ने सर्व अंक एका लिपीत आणावेत आणि छापताना हवे तर पुन्हा देवनागरी करावेत. ‘१,२५,०००’ मधील स्वल्पविराम मात्र आधी काढावे लागतात.

विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविराम टंकण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. ‘दु:ख’मध्ये तो दोन देवनागरी चिन्हांच्या (अंकांच्या नव्हे) मध्ये, मोकळी जागा न सोडता आलेला असेल, तर त्याचा विसर्ग करणे सुरक्षित आहे. शब्दाच्या शेवटी असेल तर तो ‘स्वत:’मधला चुकीचा विसर्ग आहे की ‘पत्ता:’मधला योग्य अपूर्णविराम, हे चिन्हावरून कळत नाही, तेथे स्वतः, प्रायः, वस्तुतः, अंशतः अशा ठरावीक शब्दांची यादीच ठेवावी.

दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा ‘स्ट्रिप’ काढते आणि त्यात ००ए० ही न तुटणारी जागाही जाते, पण २००बी ही शून्य रुंदीची जागा आणि एफईएफएफ ही फाइलच्या आरंभीची खूण पायथॉनच्या व्याख्येत मोकळी जागा नाहीत, ती तशीच राहतात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेल्या) फाइलचा पहिलाच स्तंभ ‘सापडत नाही’ अशी तक्रार आली, आणि इतर सर्व स्तंभ सापडत असतील, तर त्याच्या शीर्षकापुढे ही एफईएफएफ चिकटलेली आहे असे समजावे. वाचताना एन्कोडिंग म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ सांगितले की ती गळून पडते. विंडोजवरील एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडण्यासाठी फाइल द्यायची असेल तर लिहितानाही हेच एन्कोडिंग द्यावे, म्हणजे एक्सेलला लिपी ओळखता येते. ती ओळखता आली नाही की देवनागरीच्या जागी स्वराघात असलेला इंग्रजी ए (à), आणि त्यामागे चलनाचे किंवा येनचे चिन्ह, अशी रांगोळी दिसते. ती रांगोळी दिसत असेल तोवर चिंता नाही, कारण मूळ बाइट शाबूत असून केवळ वाचण्याची पद्धत चुकलेली असते. ओळीने प्रश्नचिन्हे दिसू लागली तर मात्र मजकूर गेलेला असतो आणि मूळ फाइल शोधण्यावाचून इलाज नसतो.

शेलमध्ये काम करणाऱ्यांसाठी दोन सूचना. जीएनयूचे ‘टीआर’ हे साधन बाइटांवर चालते, त्यामुळे त्याने देवनागरी अंक बदलू नयेत. यूटीएफ-८ लोकेल (संगणकाची भाषा-लिपीची मांडणी) असेल तर ‘सेड’ची ‘वाय’ ही आज्ञा तेच काम नीट करते. आणि टर्मिनलवर बरोबर चाललेली स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनातून) चुकली तर प्रथम लोकेल तपासावे, कारण क्रॉन आपल्या टर्मिनलची व्यवस्था सोबत घेऊन जात नाही.

मजकूर कापणे आणि एसएमएस

पट्टी तयार झाल्याचा निरोप शेतकऱ्यांना एसएमएसने जावा, अशी दुकानाची इच्छा होती. इंग्रजी निरोपाला १६० जागा मिळतात. एक जरी देवनागरी चिन्ह आले की सगळा निरोप दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये जातो आणि ७० जागा उरतात, निरोप लांबून अनेक भागांचा झाला तर प्रत्येक भागाला ६७. ‘आपल्या सोयाबीनची पट्टी तयार आहे.’ हे वाक्य ऐकायला १५ अक्षरांचे आहे, पण ते ३२ जागा घेते, कारण काना, मात्रा, पायमोड, सगळ्यांचे मोजमाप स्वतंत्र होते. देवनागरीपुरते पायथॉनचे ‘लेन’ येथे बरोबर उत्तर देते. इमोजी आले की देत नाही, कारण बहुतेक इमोजी दोन किंवा अधिक जागा अडवतात.

सत्तराव्या जागेवर स्ट्रिंग आंधळेपणाने कापू नये. कापण्याच्या जागेनंतरचे चिन्ह ‘एमएन’ किंवा ‘एमसी’ वर्गातील असेल, अथवा आधीचे चिन्ह पायमोड वा जोडचिन्ह असेल, तर एकेक चिन्ह मागे सरकत जावे, एवढा नियम व्यवहाराला पुरतो. अधिक नेमकेपणा हवा असेल तर ‘रेजेक्स’ मॉड्यूलमधील बॅकस्लॅश आणि एक्स ही खूण किंवा जावास्क्रिप्टमधील ‘इंटल सेगमेंटर’ पूर्ण अक्षरसमूह काढून देतात. तेथेही आवृत्ती पाहावी लागते: पायमोडीने जोडलेली देवनागरी व्यंजने एकाच समूहात धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला, त्यामुळे जुने ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच) ‘पूर्णा’चे तीन समूह सांगते आणि नवे दोन.

क्रमवारी

तयार यादी संकेतांकांच्या क्रमाने लावली की दोन गोष्टी खटकतात. ळ चा संकेतांक ल आणि व यांच्या मध्ये आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो; परिणामी ‘पळसकर’ हे ‘पवार’ यांच्या आधी बसतात. आणि ०९७२ हा ॲ व्यंजनांच्याच नव्हे, अंकांच्याही पुढे असल्याने सर्व ‘ॲड.’ यादीच्या तळाशी जाऊन पडतात. आयसीयू या ग्रंथालयातील मराठीची क्रमवारी वापरावी, आणि ती खरोखर मराठीचीच लागू झाली आहे याची खात्री याच दोन नावांनी करून घ्यावी, कारण लोकेल सापडले नाही तर काही साधने मुकाट्याने सर्वसामान्य क्रम लावून मोकळी होतात.

जुळवणीच्या स्तंभाचा माझा अंतिम क्रम असा ठरला: वाचताना एफईएफएफ काढणे, एनएफसी, र-पायमोड-जोडचिन्हाचा ऱ, उरलेली जोड-तोडचिन्हे काढणे, उरलेला नुक्ता काढणे, स्वरांची जोडरूपे एकत्र करणे, अनुस्वाराचा क्रम लावणे, दुहेरी चिन्हे एक करणे, अंक बदलणे आणि शेवटी मोकळ्या जागा. हा क्रम एकाच फंक्शनात ठेवावा आणि त्याच्या निकालावर तेच फंक्शन पुन्हा चालवून पाहावे. दुसऱ्यांदा काहीही बदलले तर नियमांचा क्रम कोठेतरी चुकलेला आहे. चाचणीसाठी दऱ्या आणि दर्या, लातूर, पूर्णा, फ़ारूक़, तिन्ही प्रकारचे ॲड. आणि ५½ एवढ्या नोंदींची छोटी फाइल कायम जवळ ठेवावी.

लेखनभेद या फंक्शनात आणू नयेत. ‘मोंढा’ आणि ‘मोण्ढा’, ‘अंबाजोगाई’ आणि ‘आंबाजोगाई’, किंवा २०२३ मध्ये नावे बदलल्यानंतरही जुन्या नोंदींत राहिलेली औरंगाबाद आणि उस्मानाबाद, ही युनिकोडची भानगड नसून माणसांची आहे, आणि तिच्यासाठी वेगळा तक्ता लागतो, जो दुकानातल्या माणसाकडूनच भरून घ्यावा. आमच्या यादीत सफाईनंतर एकाच गावचे, एकाच नावाचे, केवळ ऱ्हस्व-दीर्घाने वेगळे असे काही शेतकरी उरले. ती पाने छापून दिवाणजींपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी बहुतेक जोड्या एक म्हणून सांगितल्या आणि एका जोडीवर बोट ठेवून म्हणाले, “हे दोघे चुलत भाऊ आहेत, यांची खाती एक करू नका.”